रेपोंची उतरंड

एकच पॅकेज दोन ठिकाणी मिळत असेल तर त्यातलं कुठलं घ्यायचं, हा प्रश्न घरच्या संगणकावर सहसा पडत नाही. पडलाच तर एखादा रविवार खातो आणि सुटतो. कॉलेजच्या चार लॅबमधल्या दीडशेहून जास्त संगणकांवर मात्र तो सोमवारी सकाळीच पडतो, प्रॅक्टिकलची बॅच दाराशी चपला काढत असताना पडतो, आणि प्रत्येक संगणकावर जरा वेगळा पडतो.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर आहे. माझं काम म्हणजे बंद पडलेले संगणक चालू करणं, असा बहुतेकांचा समज. ते तर आमचे लॅबचे मामाही करतात, आणि माझ्याहून लवकर करतात. माझा खरा वेळ जातो तो सगळे संगणक एकसारखे ठेवण्यात. पाचव्या रांगेत जो प्रोग्राम चालला तो पहिल्या रांगेतही तसाच चालला पाहिजे, नाहीतर एक्स्टर्नल समोर बसलेले असताना एखादी मुलगी रडकुंडीला येते आणि चूक तिची नसतेच.

लिनक्सवर सॉफ्टवेअर येतं ते रेपोतून. वितरण तयार करणाऱ्यांनी हजारो पॅकेजं एकमेकांशी जुळवून, सही करून एका सर्व्हरवर ठेवलेली असतात. उबुंटू किंवा डेबियन असेल तर 'ॲप्ट' नावाचा प्रोग्राम तिथून हवं ते आणतो. फक्त या एका रेपोवर भागलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण अभ्यासक्रमाला लागणारी एखादी गोष्ट वितरणात जुनी असते, एखादी नसतेच. मग डेटाबेसवाल्यांचा रेपो जोडा, ब्राउझरवाल्यांचा जोडा, कुणा प्रोजेक्ट ग्रुपसाठी आणखी एक जोडा. प्रत्येक रेपो आपापल्या जागी प्रामाणिक असतो. भांडण लागतं ते एकाच नावाचं पॅकेज दोघांकडे असलं की.

हे भांडण सोडवायला ॲप्टकडे आकडे आहेत. साध्या रेपोला ५००. संगणकावर आधीच बसलेल्या आवृत्तीला १००. बॅकपोर्ट्सच्या रेपोलाही १००, कारण तिथलं पॅकेज मागितल्याशिवाय यायचं नसतं. डेबियनच्या 'एक्सपेरिमेंटल'ला तर नुसता १. मोठा आकडा जिंकतो, आकडे सारखे असले तर नवी आवृत्ती जिंकते. हे आकडे आपण नियमांची फाइल लिहून बदलू शकतो, आणि त्यालाच पिनिंग म्हणतात. त्यात दोन जागा जपून चालायच्या आहेत. आकडा १०००च्या खाली आहे तोवर ॲप्ट बसलेल्या पॅकेजहून जुनी आवृत्ती स्वतःहून आणत नाही. १००० किंवा त्यावर गेलात की खाली उतरायलाही तो तयार असतो. आणि आकडा शून्याच्या खाली नेलात की ती आवृत्ती बसवायचीच नाही, असा अर्थ होतो. माझ्या कामातली निम्मी डोकेदुखी या १०००च्या आसपासची, आणि निम्मा उतारा शून्याच्या खालचा.

पहिल्यांदा हे अंगावर आलं ते जुन्या लॅबमध्ये. तिथले संगणक पेंटियमचे. आम्ही सगळीकडे उबुंटू २२.०४ टाकलं होतं. तिसऱ्या वर्षाच्या डेटाबेस प्रॅक्टिकलला मोंगोडीबी लागतं, आणि ते उबुंटूच्या २२.०४ च्या रेपोत नाही. २०१८ मध्ये त्याचा परवाना बदलल्यापासून वितरणांनी ते हळूहळू काढून टाकलं. म्हणून बाहेरचा रेपो जोडलेला.

"मॅडम, मोंगो चालूच होत नाही. इलिगल इन्स्ट्रक्शन म्हणतंय."

"आम्ही काही इलिगल केलेलं नाही हां," शेजारच्याने लगेच जोडलं.

शेजारच्या नव्या लॅबमध्ये तेच पॅकेज सुरळीत चालत होतं. कारण प्रोसेसरमध्ये होतं. मोंगोडीबी ५.० पासून पुढच्या आवृत्त्यांना एव्हीएक्स नावाचा सूचनासंच लागतो. इंटेलच्या कोअर मालिकेत तो २०११ च्या सँडी ब्रिजपासून आला, पण त्याच काळातल्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये ठेवला गेला नाही. म्हणजे आमच्या एका लॅबला ४.४ हवं आणि दुसरीला त्यापुढचं चालतं. 'नवं ते चांगलं' हा साधा नियम इथेच मोडला. आकडा संगणक पाहून ठरवायला हवा होता.

४.४ ला आणखी एक अडचण होती. त्या आवृत्तीला ओपनएसएसएलची १.१ लायब्ररी लागते आणि उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आहे. यावरचा तोडगा सर्रास सांगितला जातो तो असा, की आधीच्या उबुंटूचा, म्हणजे २०.०४ चा सुरक्षा-रेपो जोडायचा आणि तेवढी एक लायब्ररी तिथून घ्यायची. त्या लॅबमध्ये माझ्या आधीच कुणीतरी तो तोडगा करून ठेवला होता. काम चालतं हे पाहून पुढे सरकलेले असणार. कुणाला दोष द्यावा असं वाटत नाही. दीड तासाच्या प्रॅक्टिकलमध्ये माणूस चालणारी पहिली वाट धरतो.

महिन्याचं अपडेट मी अँसिबलने सोडते. एका संगणकावरून हुकूम द्यायचा आणि सगळ्या लॅबमध्ये तो चालवायचा. त्या वेळी जुनी लॅब लाल झाली. प्रत्येक संगणकावर एकच तक्रार: काही पॅकेजं जुन्या आवृत्तीवर उतरवावी लागतील आणि तशी परवानगी दिलेली नाही. ॲप्टची ही सवय फार चांगली आहे. सगळ्याला आपोआप 'हो' म्हण असं सांगितलं तरी खाली उतरण्यापुरतं तो वेगळी परवानगी मागतो. ती परवानगी देणारा पर्याय अँसिबलमध्ये एका ओळीत लिहिता येतो. आणि लाल रंग घालवायला माणसाचा हात तिकडेच जातो.

मी आधी एका संगणकावर बसून 'ॲप्ट-कॅश पॉलिसी' पाहिलं. हा हुकूम कुठल्या रेपोला किती आकडा आहे ते सांगतो. २०.०४ च्या सुरक्षा-रेपोसमोर १००१ होतं. नियमाच्या फाइलीत पॅकेजच्या जागी एक चांदणी होती, म्हणजे सगळी पॅकेजं. एका लायब्ररीसाठी उघडलेल्या दारातून सगळं जुनं उबुंटू आत यायला मोकळं होतं. काही संगणकांवर आलंही होतं. मध्येच कुणी 'कर्ल' बसवलं असेल, तर २२.०४ चं ७.८१ न येता २०.०४ चं ७.६८ आलं होतं. मुलांना त्याचा पत्ता नव्हता, प्रोग्राम तर चालत होता. परवानगीची ती ओळ लिहिली असती तर एका संध्याकाळात अख्खी लॅब अर्धी २२.०४ आणि अर्धी २०.०४ झाली असती.

दुरुस्ती दोन नियमांची. पहिल्यात त्या रेपोला सगळ्या पॅकेजांसाठी उणे १०, म्हणजे तिथलं काहीही घ्यायचं नाही. दुसऱ्यात फक्त त्या एका लायब्ररीचं नाव लिहून तिला ५००. नाव घेऊन लिहिलेला नियम चांदणीच्या नियमावर मात करतो, त्यामुळे दार बंद राहतं आणि खिडकी एकच उघडी राहते. मोंगोडीबीलाही तसंच नाव आणि आवृत्ती घालून ४.४ वर अडकवलं. तिथे १००१ मी मुद्दाम दिला, कारण काही संगणकांवर ५.० बसून गेलेलं होतं आणि ते उतरवायचंच होतं.

एवढं झाल्यावर संशय घर करून बसला. एका लॅबमध्ये हे, तर बाकीच्यांत काय असेल? अँसिबलने सगळ्या संगणकांकडून 'पॉलिसी'चा निकाल मागवला, रांग लावली आणि एकसारखे निकाल एकत्र केले. मला वाटलं होतं लॅब चार, तर निकालाचे गट चार, फार तर पाच होतील. त्याहून बरेच जास्त निघाले. वर महावितरणच्या कृपेने त्या दिवशी एका मजल्यावर वीज नव्हती, त्यामुळे काहींनी उत्तरच दिलं नाही. ते दुसऱ्या दिवशी मामांनी एकेक करून चालू केले.

या गटांत सगळ्यात फसवा गट होता तो नियमाची फाइल असूनही नियम लागू नसलेल्यांचा. फाइल जागेवर, मजकूर अचूक, आकडे बरोबर, आणि ॲप्ट तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. कारण नाव. या फोल्डरमधल्या फाइलीला शेपूट नसलं पाहिजे, किंवा 'डॉट प्रेफ' असलं पाहिजे. कुणी साध्या एडिटरमध्ये लिहून 'डॉट टीएक्सटी' म्हणून ठेवली होती, कुणी 'डॉट बॅक' अशी प्रत करून मूळ काढून टाकली होती. 'डॉट टीएक्सटी'बद्दल ॲप्ट एका ओळीची सूचना देतो, पण इतर चाळीस ओळींबरोबर ती वर सरकून जाते. 'डॉट बॅक'बद्दल तर तेवढंही बोलत नाही. तेव्हापासून फाइल आहे का, हे मी तपासत नाही. अमुक पॅकेजचा उमेदवार कोण ठरला, तेवढंच तपासते. पॉलिसीच्या निकालात 'कँडिडेट' म्हणून जी आवृत्ती दिसते ती खरी, बाकी सगळा इरादा.

फायरफॉक्सची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची, आणि मला विचाराल तर जास्त शिकवणारी. २२.०४ पासून उबुंटूच्या रेपोतलं 'फायरफॉक्स' हे पॅकेज म्हणजे नुसता रस्ता दाखवणारा फलक आहे. ते बसवलं की ब्राउझर स्नॅप या वेगळ्या पद्धतीने येतो. मोझिला आणि उबुंटू यांनी मिळून घेतलेला तो निर्णय, आणि घरच्या संगणकावर त्याने काही बिघडत नाही. आमच्याकडे मात्र विद्यार्थ्यांची खाती एका सर्व्हरवर असतात, म्हणजे कुठल्याही लॅबमध्ये बसलं तरी आपल्या फाइली समोर येतात. ती खाती 'होम' या नेहमीच्या फोल्डरमध्ये नाहीत, वेगळ्या नावाच्या फोल्डरमध्ये आहेत. स्नॅपला अशी खाती वेगळी जुळवणी केल्याशिवाय चालत नाहीत. मूल लॉगिन करतं, फायरफॉक्सवर क्लिक करतं, आणि काहीच होत नाही. चूक सांगणारी ओळ टर्मिनलमधून चालवलं तरच दिसते.

जानेवारी २०२४ मध्ये मोझिलाने स्वतःचा ॲप्ट रेपो सगळ्यांसाठी खुला केला आणि आम्हाला हवं तसं नेहमीचं पॅकेज मिळायला लागलं. पण नुसता रेपो जोडून भागत नाही. उबुंटूच्या त्या फलक-पॅकेजच्या आवृत्तीची सुरुवात '१:' अशी आहे. त्याला इपॉक म्हणतात. इपॉक असलेली आवृत्ती इपॉक नसलेल्या कुठल्याही आवृत्तीपेक्षा मोठी धरली जाते, समोर १२२ असो की १३०. म्हणून दोन्ही रेपो ५०० वर ठेवले की फलकच जिंकतो. मोझिलाने आपल्या सूचनांतच स्वतःच्या रेपोला १००० द्यायला सांगितलं आहे, आणि ते याच कारणासाठी. हा १००० चा योग्य वापर. मोठ्या दिसणाऱ्या पण रिकाम्या आवृत्तीवरून खाली उतरायचं आहे, आणि जाणूनबुजून उतरायचं आहे.

अँसिबलमधून करताना खाली उतरण्याची परवानगी मला द्यायची नव्हती, मघाचा अनुभव ताजा होता. म्हणून आधी फलक-पॅकेज काढून टाकलं आणि मग मोझिलाचं बसवलं. बसलेलं काही नसलं की उतरण्याचा प्रश्नच येत नाही. सगळ्या लॅबमध्ये फायरफॉक्स उघडू लागलं आणि मी खुर्चीत टेकले.

पुढे आम्ही कॉलेजात कॅश सर्व्हर लावला. दीडशे संगणकांनी एकच पॅकेज दीडशे वेळा बाहेरून आणायचं म्हणजे इंटरनेटचा गळा घोटणं. ॲप्ट-कॅशर-एनजी हा छोटा प्रोग्राम एकदा आणलेलं ठेवून देतो आणि पुढच्यांना आतूनच देतो. पण एचटीटीपीएसने येणारे रेपो त्यातून घ्यायचे तर रेपोच्या पत्त्याआधी आपल्या सर्व्हरचा पत्ता लिहावा लागतो. आम्ही सगळ्याच रेपोंच्या ओळी तशा करून टाकल्या, उबुंटूच्याही. नियमात मात्र 'ओरिजिन' म्हणून मोझिलाच्या सर्व्हरचं नाव होतं. ॲप्टच्या दृष्टीने ओरिजिन म्हणजे ज्या सर्व्हरशी तो बोलतो तो सर्व्हर, आणि तो आता आमचा होता. नियम कुणालाच लागू होईना.

शेजारच्या विभागातल्या एका सहकाऱ्याने ते हेरलं आणि त्यांच्या लॅबमध्ये दुरुस्तही केलं. नियमात मोझिलाच्या जागी आमच्या सर्व्हरचं नाव घातलं. दिसायला अगदी तर्कशुद्ध. पण आता उबुंटूसकट सगळेच रेपो आमच्या सर्व्हरवरून येत होते, त्यामुळे सगळ्यांना १००० मिळाले. सगळे १००० वर, म्हणजे सगळे सारखे, म्हणजे पुन्हा आवृत्तीचा मुकाबला, म्हणजे पुन्हा '१:' चा विजय. पुढच्या अपडेटला त्या लॅबमध्ये फलक परत आला. मला हे कळलं तेव्हा पहिली गोष्ट केली ती कागद घेऊन बाण काढण्याची, कारण डोक्यात ते मावत नव्हतं. उत्तर अगदी छोटं होतं. रेपोची एक सही केलेली फाइल असते आणि तिच्यात रेपोची स्वतःची ओळख लिहिलेली असते. नियमात सर्व्हरचं नाव न लिहिता ती ओळख लिहायची. पत्ता बदलला तरी ती बदलत नाही. शिवाय चांदणी काढून फक्त 'फायरफॉक्स' हे नाव घातलं.

आमच्या विभागप्रमुख सरांना हे सगळं सांगायची वेळ आली ती मी या कामासाठी एक शनिवार लॅब बंद ठेवायला मागितली तेव्हा. सर भले माणूस, पण त्यांचा काळ टर्बो सीचा.

"अहो, पण सगळीकडे नवीनात नवीन टाकून द्या ना. हे आकडे कशाला?"

"सर, जुन्या लॅबमध्ये नवीन टाकलं की मोंगो बंद पडतं."

"मग सगळीकडे जुनं टाका."

"मग सुरक्षेचे पॅच येत नाहीत."

सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे कुणाचं काय ऐकायचं हे ठरवायचं. आमच्या अकॅडमिक कौन्सिलसारखंच की." शनिवार मिळाला.

याच सुमारास कॉलेजच्या सर्व्हरवर दुसरी गंमत समोर आली. तो रॉकी लिनक्स ९ वर चालतो. तिथे ॲप्ट नाही, 'डीएनएफ' आहे, आणि त्याच्या आकड्यांची दिशा बरोबर उलटी आहे. रेपोला काही लिहिलं नाही तर ९९, आणि लहान आकडा जिंकतो. ओपनसूजेच्या 'झिपर'चंही तसंच. सर्व्हर लावून द्यायला बाहेरून आलेल्या तरुणाचा हात उबुंटूवर बसलेला. त्याने एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या अधिकृत रेपोला सर्वांत वर ठेवायचं म्हणून ९९० लिहिलं, आणि तो रेपो सगळ्यांच्या खाली गेला. सर्व्हरवर वितरणाचं १.२० राहिलं आणि नवं का येत नाही हे कुणालाच कळेना. डीएनएफ यात आणखी कडक आहे. वरच्या रेपोत एखाद्या नावाचं पॅकेज असलं की खालच्या रेपोंतली त्या नावाची पॅकेजं त्याला दिसतच नाहीत, मग ती कितीही नवी असोत. म्हणजे चुकीच्या रेपोला लहान आकडा दिला तर सुरक्षेचा पॅच आलेला असूनही तो झाकला जातो आणि अपडेट 'करण्यासारखं काही नाही' असं सांगून मोकळं होतं.

जुन्या सेंटओएसच्या काळात हेच काम डीएनएफच्या आधीच्या 'यम'चं 'प्रायॉरिटीज' हे प्लगइन करायचं, आणि सेंटओएसवाले ते वापरा असं सांगायचे. यमचे मुख्य विकसक सेथ व्हिडाल यांना मात्र ते अजिबात पसंत नव्हतं, आणि ते त्यांनी उघडपणे सांगितलं होतं. त्यांना त्यात ॲप्टच्या पिनिंगचीच आठवण येई. मी दोन्ही बाजूंना हात भाजून घेतलेली असल्याने मला त्यांचं पटतं, अर्धं. रेपो नीट वागणारा असेल तर आकडा लागतच नाही. एपेल हा रेपो घ्या. रेड हॅटच्या मूळ पॅकेजांची जागा घ्यायची नाही, हे त्याचं धोरणच आहे. तरी लोक सवयीने त्याला आकडा लावतात. तिथे मी काही लिहीत नाही.

पायथनकडे वळलं की वाटतं, ॲप्टचे आकडे परवडले. पायथनची पॅकेजं आणणाऱ्या 'पिप'ला दोन ठिकाणं दिली, एक बाहेरचं आणि एक आपलं, तर त्याच्याकडे उतरंडच नाही. दोन्हीकडची आवृत्ती पाहतो आणि मोठी उचलतो. २०२१ च्या फेब्रुवारीत ॲलेक्स बिरसन या सुरक्षा-संशोधकाने हे जगाला दाखवून दिलं. कंपन्या आतल्या वापरासाठी जी पॅकेजं ठेवतात, त्याच नावांची पॅकेजं त्याने मोठ्या आवृत्तीने सार्वजनिक भांडारांत टाकली, आणि ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल अशा ३५ हून जास्त संस्थांच्या आत ती चालली. २०२२ च्या डिसेंबरात पायटॉर्चच्या रोज निघणाऱ्या आवृत्तीबाबत तेच घडलं. 'टॉर्चट्रायटन' हे त्यांचं एक अवलंबन सार्वजनिक भांडारात दुसऱ्याच कुणीतरी ठेवलं. २५ ते ३० डिसेंबरच्या दरम्यान ज्यांनी पिपने ते लिनक्सवर बसवलं, त्यांच्या संगणकावरच्या फाइली आणि एसएसएचच्या किल्ल्या बाहेर जाऊ शकल्या.

आमच्याकडे मशीन लर्निंगच्या लॅबसाठी सामायिक कोडचं एक छोटं पायथन पॅकेज कॉलेजच्या सर्व्हरवर आहे, आणि त्याचं नाव कुणालाही सुचेल इतकं साधं. ही बातमी वाचल्यावर मी सगळ्या सेटिंगमधून दुसरं ठिकाण काढून टाकलं आणि डेव्हपी नावाचा सर्व्हर मध्ये बसवला. बाहेरचं सगळं त्याच्यातूनच येतं. आपल्याकडे एखाद्या नावाचं पॅकेज असेल तर तो त्या नावाचं बाहेरचं दाखवतच नाही, मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय. कॉलेजच्या गुणवत्ता कक्षातल्या एका मॅडमनी विचारलं, मुलांनी घरून बसवलं तर? घरी आमचा आकडा चालत नाही, हे त्यांना सांगितलं.

त्या शनिवारी आम्ही सगळे नियम पुसून पुन्हा लिहिले. आता नियमांच्या फाइली फक्त अँसिबल ठेवतो. त्या फोल्डरमध्ये दुसरी कुठलीही फाइल सापडली तर ती काढून टाकतो आणि मला कळवतो. प्रत्येक नियमाच्या वर शेरा असतो: कशासाठी, कोणाच्या सांगण्यावरून, आणि कधी काढायचा. हा शेवटचा शेरा लिहायला लोक कंटाळतात. पण नियम लिहिताना तो का हवा हे जितकं स्पष्ट असतं, तितकं सहा महिन्यांनी राहत नाही. आणि का आहे हे माहीत नसलेला नियम काढायला कुणी धजत नाही. जुन्या लॅबमध्ये दिसले ते सगळे असे न काढलेले नियम होते.

दर अपडेटनंतर काही मोजक्या पॅकेजांचा उमेदवार सगळीकडून मागवला जातो आणि लॅबच्या गटात एखादा वेगळा निघाला तर त्याचं नाव सकाळी माझ्या मेलमध्ये असतं. बहुतेक वेळा तो संगणक मधल्या काळात बंद होता एवढंच निघतं.

तुमच्या ताब्यात असे संगणक असतील, शाळेत, वाचनालयात किंवा बँकेच्या शाखेत, तर नवा नियम लिहिण्याआधी आहेत त्या सगळ्यांची 'पॉलिसी' एकदा एकत्र करून बघा. चांदणीपुढे १००० दिसलं तर ते आधी काढा. नाव घेऊन नियम लिहा, आणि तो संपण्याची तारीख त्याच फाइलीत टाका.

जुन्या लॅबमधल्या मोंगोच्या नियमावर तशी तारीख होती. ४.४ चा पाठिंबा फेब्रुवारी २०२४ मध्येच संपला होता. २०२५ मध्ये उबुंटू २०.०४ चाही नेहमीचा पाठिंबा संपला, म्हणजे त्या उसन्या लायब्ररीला पॅच येणं थांबलं. आम्ही दोन्हींचे नियम आणि तो रेपो काढून टाकला. मोंगोचं प्रॅक्टिकल आता फक्त नव्या लॅबमध्ये होतं. पेंटियमवर मुलं पोस्टग्रेस शिकतात. ते उबुंटूच्या स्वतःच्या रेपोत आहे आणि त्याला कुठलाही आकडा लागत नाही.